विहिरीतलं ऊन

त्रिशलानं पेला कलता केला आणि वैष्णवीच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्रिशला सूर्य होती, वैष्णवी गवत. गवतानं नाकतोड्याच्या ओंजळीत ओतलं, नाकतोड्यानं बेडकाच्या, बेडकानं सापाच्या. पाणी शाळेच्या पटांगणातून हातोहात पुढं सरकत गेलं आणि प्रत्येक जोडीच्या पायांशी मातीवर ओले ठिपके पडत गेले. रांगेच्या टोकाला हरीओम शिकरा पक्षी होऊन ऐटीत उभा होता. त्याच्यापर्यंत पाळी आली तेव्हा त्याच्या तळव्याला नुसता ओलावा लागला.

"मॅडम, माह्या वाट्याले त काहीच नाई आलं," तो म्हणाला.

पोरं खो खो हसली. साधना मॅडमही हसल्या, कारण धडा शिकवून झाला होता. अन्नसाखळी फळ्यावर बाण काढून शिकवली की परीक्षेपुरती टिकते, हात ओले झाले की जन्मभर, असं त्यांचं मत होतं. मेडशीहून एसटीनं शिरपूरला येताना त्या रोज काहीतरी पिशवीत घालून आणत, आणि कंडक्टरसुद्धा आता आज काय म्हणून डोकावून बघत असे. सूर्याकडून निघालेली ऊर्जा प्रत्येक हातात सांडते, पुढच्याला थोडीच उरते, म्हणून गवत उदंड असतं आणि शिकरा एखादाच, एवढं त्यांनी सांगितलं. हरीओमचं त्यानं काही समाधान झालं नाही.

वर्गाच्या खिडकीत चौथीची लाडकी बरणी होती. बरणी त्रिशलाच्या आजोबांच्या, म्हणजे चंपालालांच्या किराणा दुकानातली, एके काळी गोळ्यांची. पाणी हरीओमच्या शेततळ्यातलं. त्यात शेवाळाची हिरवी जाळी, दोन-चार गोगलगायी, डोळे बारीक केले की टुणटुण उडताना दिसणाऱ्या पाणपिसवा आणि बोटाच्या पेराएवढा एक मासा. उन्हावर शेवाळ वाढायचं, शेवाळावर पिसवा, पिसवांवर मासा. वरून कोणी काही घालायचं नाही, हा नियम. पण सुटीच्या दिवशी शाळेत वानरांचं राज्य असे आणि वानरांना नियम ठाऊक नव्हते. म्हणून शनिवारी बरणी कुणाच्या तरी घरी जायची. या वेळी त्रिशलानं हट्टानं मागून घेतली.

त्रिशलाची आजी पानाबाई. घरात नळ आला, फिल्टर आला, पण पानाबाई पाणी पीत ती परसातल्या विहिरीचंच, तेही जाड कापडाच्या दुहेरी घडीतून गाळून. गाळून झालं की त्यांचं खरं काम सुरू होई. कापडात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गाळलेल्या पाण्यानं हलक्या हातानं बादलीत उतरवत आणि बादली परत विहिरीत सोडत. त्या बादलीच्या बुडाला एक कडी होती. पाण्याला टेकल्यावरच दोराला झटका द्यायचा, मग ती उलटते आणि जीव उंचावरून आपटत नाहीत. जीव असे परत सोडणं म्हणजे जिवाणी. जिथलं पाणी, तिथंच त्याची जिवाणी, दुसरीकडं नाही. लग्न होऊन आल्यापासून पानाबाईंनी हे चुकवलं नव्हतं.

रविवारी त्रिशला जैन मंदिरातल्या पाठशाळेत गेली. परत आली तर बरणी घासूनपुसून अंगणात उन्हात पालथी घातलेली.

"किती दिवसांचं पानी ठेवलं होतं गं तुमी कोंडून?" पानाबाई म्हणाल्या. "गाळलं अन् जिवाणी करून आली विहिरीत. एक मासाही होता त्यात, त्यालेही सोडलं."

त्रिशला रडली. रडता रडता तिनं सांगितलं की पाणी आपल्या विहिरीचं नव्हतंच, हरीओमच्या तळ्याचं होतं. बरणी घरची दिसली म्हणून पाणी घरचं समजणाऱ्या पानाबाई ते ऐकून ओट्यावर खालीच बसल्या. नातीची बरणी रिकामी झाली याचं त्यांना वाईट वाटलंच. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. एका पाण्याचे जीव त्यांनी दुसऱ्या पाण्यात टाकले होते.

त्याच संध्याकाळी त्या देवासमोर नियम घेऊन मोकळ्या झाल्या. ते जीव जगल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही तोवर दिवसातून एकदाच जेवायचं. मुलानं समजावलं, सुनेनं समजावलं. मधुमेहाच्या गोळ्या दोन्ही वेळा जेवणावर घ्यायच्या होत्या, डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पानाबाईंनी संध्याकाळची गोळी डबीत तशीच ठेवली.

सोमवारी त्रिशलानं रिकामी बरणी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. वर्ग चिडला. मॅडमनी वर्गाला गप्प केलं, बरणी पुन्हा भरता येईल म्हणाल्या. पण त्रिशला जागेवर जाईना.

"बरनीचं नाई म्हनत मी," ती हळूच म्हणाली. "दादीले आज सकाळी चक्कर आली."

शाळा सुटल्यावर साधना मॅडम तिच्यासोबत घरी गेल्या. त्यांना मनातून अपराधी वाटत होतं; खेळ त्यांचा, आणि उपास या म्हातारीला. दुकानाच्या पायरीवरच चंपालालांनी त्यांना गाठलं. बाजूला नेऊन, आवाज खाली आणून ते म्हणाले, "तिले सांगून द्या न मॅडम, सगळे जिते आहेत म्हनून. तुमच्या तोंडचं खरं मानते ते."

परसात विहीर होती. दक्षिणेला शेजाऱ्यांच्या गोदामाची भलीमोठी भिंत. हिवाळ्याचा सूर्य त्या भिंतीच्या डोक्यावरून कसाबसा अंगणात उतरायचा, विहिरीत काही डोकावायचा नाही. मॅडम वाकून बघू लागल्या. खाली काळोख, आणि काळोखात पाणी आहे एवढंच कळत होतं.

"जगतीन का ते?" पानाबाईंनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. तो मॅडमच्या जिभेवर आलाही होता. पण त्रिशला त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आणि आपण काय सांगतो ते ही पोर कायमचं खरं धरणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"मला नाही माहीत, आजी," त्या म्हणाल्या. "पाहिल्याशिवाय कसं सांगू? ऊन मिळालं तर शेवाळ धरेल. शेवाळ धरलं तर बाकीच्यांचं भागेल."

पानाबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. चहा मात्र त्यांनी एकट्या मॅडमनाच दिला, स्वतः घेतला नाही.

बुधवारी त्रिशला शाळेत आली ती नवीच बातमी घेऊन. दादीनं आपलं जेवायचं ताट चिंचेनं लख्ख घासलं होतं. काल भर दुपारी ताट उन्हात धरून ती विहिरीत उजेड पाडत होती.

"दिसलं का काही?" मॅडमनी विचारलं.

"नाई. तिचा हात थरथरते. उजेड खाली जाईस्तोवर सांडून जाते."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. हरीओम हसला नाही. सांडणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं त्या वर्गात कुणालाच कळलेलं नव्हतं.

"एका ताटानं काय होते?" तो म्हणाला. "आपन सगळे जाऊ न, मॅडम. ताटं त आहेत."

ताटं होती. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली, पोरांनी एरवी कधी घासली नव्हती अशी ताटं घासली, आणि मॅडम पुढं, मागं चौथीचा वर्ग अशी वरात भरदुपारी बाजारातून निघाली. पुन्हा जेवायला कुठं चालले, म्हणून पानटपरीवरच्या माणसांनी विचारलं. गंमत करायची संधी सोडील तो शिरपूरचा कसला.

पानाबाई ताट घेऊन विहिरीशी उभ्याच होत्या. एवढी पोरं बघून त्या जराशा संकोचल्या, पदर सावरून बाजूला झाल्या. मॅडमनी पोरांना अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात रांगेनं उभं केलं, कठड्याजवळ जाऊ नका म्हणून दम भरला आणि ताट कसं कलतं धरायचं ते दाखवलं. आधी भिंतीवर कवडसेच कवडसे नाचले. एक चंपालालांच्या टकलावर बसला. मग हळूहळू एकेक कवडसा विहिरीच्या काठावरून आत उतरला, दगडांवरून घसरत खाली गेला आणि पाण्यावर जाऊन दुसऱ्यात मिसळला.

विहीर उजळली. पानाबाई इतकी वर्षं तिचं पाणी पीत होत्या, पण तिचा तळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. खालच्या दगडांना हिरवी लव होती. थोडी, पण होती. त्रिशला आजीचा हात धरून कठड्याशी उभी राहिली. पोरांचे हात दुखायला लागले, कवडसे हलायला लागले.

"दादी, तिथं," त्रिशला म्हणाली.

उजेडाच्या कडेला दगडाजवळ काहीतरी लकाकलं, वळलं आणि पुन्हा लकाकलं. पेराएवढा मासा होता. दगडाच्या हिरव्या लवेपाशी तो टुकटुक तोंड मारत होता.

पानाबाईंनी हात जोडले.

"काय खाऊन राह्यला तो?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचीच त्रिशलाला रविवारपासून धास्ती होती; मासा दुसरे जीव खातो हे आजीला कसं सांगायचं? तिनं मॅडमकडं पाहिलं. पण हरीओमला कसली धास्ती? तो ताट न हलवता म्हणाला, "पिसवा खाते तो, दादी. त्या शेवाळ खातेत."

चंपालालांनी हरीओमकडं असं पाहिलं की त्याचं ताट वाकडं झालं.

"मासा काय खाते हे मले मालूम नाई का रे बापू?" पानाबाई म्हणाल्या. "ज्याचं त्याचं पोट ज्याच्या त्याच्यासंग. आपल्या हातानं कोनी मरू नये, येवढंच आपल्या हाती." मग त्या त्रिशलाकडं वळल्या. "मायले सांगजो, आज दिवस बुडाच्या आंदी माह्यीही एक भाकर टाक म्हना."

त्रिशला घरात पळाली. चंपालाल उगाच दुकानात गेले आणि बरणीभर शेंगदाण्याच्या चिक्क्या घेऊन आले. पोरांनी ताटं खाली ठेवून हात झटकले, चिक्क्या घेतल्या. हरीओमला शेवटी मिळाली, पण अख्खी मिळाली. शाळेची घंटा व्हायला आली होती. मॅडमनी रांग लावली.

फाटकाशी जाऊन त्यांनी मागं पाहिलं. पोरांची ताटं निघाली तशी विहीर पुन्हा काळोखी झाली होती. पानाबाई मात्र उन्हाच्या पट्ट्यात उभ्या राहून आपलं एकटं ताट कलतं करत होत्या.

"आजी, आता कशाला?" मॅडमनी विचारलं. "दिसला ना तो."

"दिसला त दिसला," पानाबाई ताटावरची नजर न काढता म्हणाल्या. "त्याचं जेवन कुठं झालं अजून?"