अजमलचं जाकीट

कृष्णाकाठच्या त्या गावात पोराला पोहायला शिकवायची एकच रीत होती. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि घाटावरून ढकलून द्यायचं. भोपळा सुटला की पोरगं पोहणारं झालं. अजमलचा भोपळा काही सुटेना. मिसरूड फुटलं तरी तो भोपळ्यासकट नदीत उतरायचा. गावानं त्याला भोपळ्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढं तो बाप झाला तरी ते काही सोडलं नाही. टिंगल करायला गावाला दम लागत नाही.

उदयसिंह त्याचा जिवाभावाचा दोस्त. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर त्याच्या अंगाला शांतता मानवेना. वाईपासून सांगलीपर्यंत नदीतून जायची टूम त्याचीच. फौजेतला त्याचा सोबती, वाईचा वीरधवल, यानं तीन कयाक भाड्यानं आणल्या. एका माणसाच्या लांबट, हलक्या होड्या त्या. सोबत वल्ही आणि अंगात घालायची फुगीर जाकिटंही आणली. जाकिटं तेवढी आधीच उदयसिंहकडं गावी धाडली.

अजमल गाद्या शिवायचा. त्याच्या आईनं, जन्नतबीनं, जाकीट उलटसुलट करून पाहिलं. तिचा बकलावर विश्वास बसेना. गादीच्या जाड पांढऱ्या दोऱ्यानं तिनं त्याला आणखी एक गाठीचा कापडी पट्टा शिवला, जाकीट काढणार नाही अशी लेकाला शपथ घातली आणि उदयसिंहला म्हणाली, "तुज्या भरवशावर सोडत्येय बग."

वाईच्या घाटावरून तिघं निघाले. पाणी आटलं होतं तिथं कयाक ओढत नेल्या. कराडला कोयना येऊन मिळाली, तशी नदी भरली आणि अजमलची भीड चेपली.

"गड्या, जल्म काठावर गेला," तो म्हणाला, "पर नदी अशी आतनं कवा बगितलीच नव्हती."

त्याला इतकं खुश उदयसिंहनं कधी पाहिलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच त्याची बुद्धी फिरली. आपलं गाव जवळ येताच त्यानं स्वतःचं जाकीट काढून पाठीमागं कयाकवर टाकलं.

"तू बी काढ की रं. भोपळा बांधून गावात शिरनार व्हय?"

"आईनं शपथ घातलीया."

"तिला कोन सांगतंय? तुजी फिरदोस उभी आसंल घाटावर. पोरीच्या देखत भोपळ्या म्हनत्याल तुला."

लेकीचं नाव निघालं आणि अजमलचा हात पट्ट्याकडं गेला. मग त्यानं गाठ सोडली. उदयसिंहनं ते जाकीट आपल्या कयाकच्या पुढच्या बंद कप्प्यात कोंबलं. वीरधवल बराच मागं होता, त्याला काहीच दिसलं नाही.

घाटाच्या जरा खाली बंधारा होता. दिवाळीनंतर त्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवून पाणी अडवलेलं. त्या दिवशी खालच्या गावांसाठी एका गाळ्याचे बरगे काढले होते. वरून पाणी निवांत दिसत होतं.

त्यांच्या स्वागताला घाटावर हलगी कडाडत होती. फिरदोस दिसली तसं अजमलनं वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तिला दाखवलं. तेवढ्यात कयाक वळली आणि ओढीला लागली.

"वल्हं मार! अजमल, वल्हं मार!" उदयसिंह ओरडला.

कयाक मोकळ्या गाळ्यावर आडवी आदळली, उलटली. उदयसिंहनं उडी घेतली. लोकांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. दोघांच्या होड्या बंधाऱ्याखाली सापडल्या. अजमल सापडला नाही.

दुपारी सांगलीहून शोधपथकाची बोट आली. वीरधवल जाकिटासकट बोटीत चढला, मागोमाग उदयसिंह चढायला गेला.

"जाकीट घातल्याबिगर न्हाई, आन आमच्याकडं जादा न्हाई," बोटीवाला म्हणाला.

उदयसिंहचं जाकीट वाहून गेलं होतं. बंद कप्प्यात अजमलचं तेवढं होतं. त्यानं ते अंगात घातलं, पण दोरानं सोलवटलेल्या हातांनी गाठ बसेना. पायरीवर बसलेली जन्नतबी उठली आणि त्याचा पट्टा बांधू लागली. पांढऱ्या दोऱ्यावर तिची बोटं थांबली. तिनं जाकीट दाबून पाहिलं. कोरडं होतं.

"तू काढाय लावलंस?"

"व्हय, चाची."

हलगीवाला, गावकरी, सगळे ऐकत होते. जन्नतबीनं गाठ करकचून आवळली.

"मी सांगंस्तवर ह्ये अंगातनं काढू नगंस."

अजमल दुसऱ्या दिवशी सापडला, बंधाऱ्याखाली करंजाच्या मुळ्यांत अडकलेला. उदयसिंहनंच त्याला उचलून बोटीत घेतलं. कबरीवर माती दिली तीही जाकीट घालूनच. गाव बघत होतं. एकालाही हसू आलं नाही.

तिथून तो अजमलच्या दारात येऊन उभा राहिला. अर्धवट शिवलेली गादी पडवीत तशीच पडली होती.

"दादी, उदयचाचा आल्याती," फिरदोस म्हणाली.

जन्नतबी बाहेर आली. तिनं गाठीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ती काढ म्हणेल याची तो वाट बघत राहिला. तिनं नातीचा हात धरला, तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं.

उदयसिंह तिथंच उभा होता. गाठीला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.