उलटा फेरा

बायको गेल्याला महिना झाला, पण कातारीबाबाच्या डोळ्यांतून एक टिपूस निघालं नव्हतं. जेवा म्हटलं की जेवायचा, झोपा म्हटलं की आडवा व्हायचा. दुःख झालंय असंही त्याला वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

मुलीने तोवर धडाका लावला होता. लाकूड कातायचा जुना लेथ भिंतीकडे सरकवून तिने विजेवरचा नवा आणून बसवला. जुना म्हणजे दोन माणसांचा खेळ. लाकडाला दोरीचे दोन वेढे घालायचे, आणि बायकोने समोर बसून एकदा हे टोक ओढायचं, एकदा ते. लाकूड एकदा सुलटं फिरे, एकदा उलटं. सुलटं फिरताना बाबाच्या हातातली पटाशी लाकूड तासे. उलट्या फेऱ्याला ती केसभर मागे घ्यायची, नाहीतर धारेची वाट लागलीच म्हणून समजा. एकतीस वर्षं दोघांनी असं काम केलं, आणि त्यातली निम्मी भांडत केली. नव्याला ना दोरी, ना समोर बसणारं माणूस. बटण दाबलं की लाकूड एकाच दिशेने गरगरत राहतं.

"बाबा, आज स्टुलाचा एक पाय नीट उतरवून दाखवा," मुलगी म्हणाली. "जमलं तर दुकान चालू. नाहीतर कुलूप लावते आणि तुम्हाला माझ्याकडे नेते. मग हूं की चूं करायचं नाही."

तिच्या घरी दिवसभर काय करायचं, हे बाबाला सुचेना. तो मुकाट्याने नव्या लेथसमोर उभा राहिला.

पहिल्या पायावर वळ्याच वळ्या उठल्या. दुसऱ्यावरही तेच. एवढा मुरलेला कारागीर, पण नवशिक्यानेही नाक मुरडावं असं काम. मुलगी जवळ येऊन त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"बाबा, पटाशी सारखी का उचलताय?"

"उलट्या फेऱ्याला उचलावीच लागते."

"अहो, हा उलटा फिरतच नाही."

"तिने दोरी मागे घेतली की..." बाबाची नजर भिंतीकडच्या जुन्या लेथकडे गेली.

त्याने तिसरा पाय चढवला, पटाशी टेकवली आणि कोपर बरगडीशी दाबून धरलं. हात उचलायला बघे, बाबा उचलू देईना. असं बराच वेळ चाललं. मग हाताने नाद सोडला. लाकडाचा छिलका न तुटता लांबच लांब निघायला लागला आणि पाय गुळगुळीत उतरला.

मुलीने बटण बंद केलं आणि पायावरून बोट फिरवलं. "जमलं की, बाबा! दुकान चालू!"

बाबाने पाय हातात घेतला. वरपासून खालपर्यंत एकही वळी नव्हती. अख्खा पाय होईपर्यंत आपण बायकोच्या उलट्या फेऱ्यासाठी एकदाही थांबलो नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा त्याला रडू फुटलं, आणि ते मुलीला काही केल्या थांबवता येईना.