पानसे सरांची पट्टी

पानसे सर खुर्ची ओढून बसले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यासमोर ताट नाही. बाकी तिघांसमोर ताटं होती, वाट्या होत्या, पाण्याचे पेले होते. त्यांच्या पुढ्यात मात्र मेणकापडावरची निळी फुलं तेवढी होती.

आमटीचं पातेलं घेऊन आलेल्या गोदाबाई थबकल्या.

“सर, तुमी तर बाहेर हाय.”

“मी तुमच्यासमोर बसलोय, बाई.”

“पट्टीवर बाहेर हाय ना. मी पट्टी बघून ताटं लावती.”

ब्रदर रतन पारखे यांनी घसा साफ केला. घराची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि हसू आलं की घसा साफ करायची त्यांना सवय होती. “सर, सकाळी दाखवायचं राहिलं. या, बघून घ्या.”

शाळेच्या मागच्या अंगाला येशूसंघीय फादरांचं घर होतं. घराच्या ओसरीवर, दाराशेजारी, एक सागवानी फळी होती. तिच्यात एकाखाली एक खाचा, प्रत्येक खाचेत नावाची एक लाकडी पट्टी. पट्टी उजवीकडे सरकवली की माणूस आत, डावीकडे सरकवली की बाहेर. सर्वांत खालच्या खाचेत आजच बसवलेली नवी पट्टी होती, तिच्यावरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. ‘य. वि. पानसे’. ती डावीकडे होती.

“ही तुम्हीच का नाही सरकवलीत? मला पाहिलंत ना आत येताना?”

“दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. ज्याची त्यानं सरकवायची. नियम आहे.”

“माणूस उपाशी राहिला तरी चालेल!”

“एकदा राहिला की पुन्हा विसरत नाही,” ब्रदर म्हणाले.

पुण्यात जन्म काढलेल्या पानसे सरांना आपल्या तोडीचं उत्तर फार क्वचित मिळत असे. त्यांनी निमूटपणे पट्टी सरकवली आणि आत जाऊन जेवले.

खडकीच्या या मुलांच्या शाळेत ते तेहतीस वर्षं संस्कृत आणि मराठी शिकवत होते, पण फादरांच्या घरात चहापलीकडे कधी गेले नव्हते. कर्वेनगरमधली त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली, बिल्डरनं तारखांवर तारखा दिल्या, भाड्याच्या घराच्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी जागा हवी झाली. पत्नी विजयमाला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा सलिल हैदराबादला होता. “माझ्याकडे या,” असं तो म्हणाला, पण सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. तेव्हा शाळेचे रेक्टर फादर संतोष साळवे म्हणाले, “आमच्याकडची पाहुण्यांची खोली रिकामीच आहे.” हा संतोष नववीत त्यांच्याच हाताखाली होता. रामः रामौ रामाः म्हणताना खिडकीबाहेर बघत बसायचा.

पानसे सरांनी पंधरा दिवसांचा करार स्वतःशी केला होता. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे ते वर्गात दरवर्षी सांगत. आता अक्कल जाऊ न देता राहायचं, तर कामाला हात लावला पाहिजे. इथं जेवण झालं की प्रत्येक जण आपलं ताट आपण घासत असे, रेक्टरसुद्धा. सरांनी आयुष्यात ताट घासलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात गोदाबाई त्यांचं ताट गुपचूप पुन्हा घासत, दुसऱ्या आठवड्यात उघडपणे, आणि मग एक दिवस त्या म्हणाल्या, “आता जमाया लागलं.” कुठल्याशा शिष्यवृत्तीच्या वेळीही सरांना इतका आनंद झाला नव्हता.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. पहाटे फादर लोक चॅपलमध्ये प्रार्थनेला जात, तेव्हा सर ओसरीवर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत. कुणी कुणाच्या वाटेला जात नसे. बुधवारी मटण असे आणि त्या दिवशी सरांपुढे न सांगता वांग्याची भाजी येई. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं असे. त्या वेळी कॅरम निघे. गणिताचे फादर आनंद भालेराव वयानं सर्वांत लहान. हरले की ते न्यूटनचे नियम बदलले पाहिजेत म्हणायचे. सर खेळत नसत, फक्त टोमणे मारत. काही दिवसांनी असं झालं, की टोमण्यावाचून खेळ रंगेना.

नाताळात गोदाबाई आणि ब्रदर करंज्या करायला बसले आणि सरांनी विजयमालाबाईंची सारणाची कृती तोंडी सांगितली. खसखस भाजून, मग कुटून. पहिली करंजी त्यांच्या हातात दिली गेली. ती त्यांनी सावकाश खाल्ली आणि ताटलीत सांडलेलं सारण बोटानं टिपलं. कुणी काही विचारलं नाही. ताटल्या पुढेमागे झाल्या, चहा आला. घरात तीन वर्षं ज्या शांततेनं त्यांना खाऊन टाकलं होतं, तीच शांतता इथं चार माणसांत वाटून घेतल्यावर सोसवत होती.

जानेवारीत फादर आनंदांची बदली झाली. नाशिककडच्या एका आदिवासी वसतिगृहात माणूस हवा होता. सोमवारी येशूसंघाच्या प्रांताधिकाऱ्यांचा फोन आला आणि गुरुवारी सकाळी ते दोन बॅगा घेऊन ओसरीवर उभे होते. सहा वर्षांचा सहवास, पण निरोप समारंभ नाही, डोळ्यांना रुमाल नाही. फादर संतोषांनी त्यांना मिठी मारली, ब्रदरांनी डबा दिला. जीप फाटकाबाहेर पडली. मग संतोषांनी मान हलवली आणि ब्रदरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून फळीची कड सैल केली, ‘आ. भालेराव’ बाहेर काढली आणि कड पुन्हा घट्ट बसवली. खाच रिकामी राहिली.

“इतक्या लगेच?” पानसे सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढलाच. “जीपची धूळ तरी खाली बसू द्यायची.”

“ठेवून काय करायचं, सर?” संतोष म्हणाले. “जाणाऱ्याला धरायचं नाही, हेच तर आम्हाला पहिल्यापासून शिकवतात.”

त्या रात्री कॅरम निघाला नाही. सरांना झोप लागेना. त्यांच्या डोळ्यांपुढे ती रिकामी खाच येत होती, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे ती आनंदांची, वरून तिसरी, नव्हती, सर्वांत खालची होती.

एप्रिलमध्ये बिल्डरचा फोन आला. या वेळी खरोखरच ताबा मिळणार होता. सातवा मजला, लिफ्ट, दोन बाल्कन्या. मेअखेर निवृत्तीही होती. सरांनी दोन दिवस ही बातमी पोटात ठेवली. एकदा वाटलं, संतोषला सरळ विचारावं. निवृत्त मास्तर कोपऱ्यात राहिला तर चालेल का? ग्रंथालय बघीन, कच्च्या मुलांना शिकवीन. मग वाटलं, विचारल्यावर तो नाही म्हणणार नाही, आणि नाही म्हणता न आल्यामुळे मिळालेली जागा ही जागा नव्हे. त्यानं आपणहून म्हणावं. एकदाच म्हणावं.

जेवताना त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली.

“फादर, घराचा ताबा मिळतोय. शाळेतला माझा शेवटचा दिवस झाला की मी निघतो.”

संतोषांचा घास हातात राहिला. “बरं, सर,” ते म्हणाले.

“सुटलात तुम्ही. आणि मी काय, कायमचा का इथं राहणार होतो? उद्या लोक म्हणतील, पानशांना पाद्री केलं.”

ब्रदरांनी घसा साफ केला नाही. गोदाबाई पोळी घेऊन आल्या आणि न वाढताच परत गेल्या. ‘राहा की’ म्हणायला किती वेळ लागतो? सर मे महिनाभर त्या दोन शब्दांची वाट बघत राहिले आणि कुणी पाहिलंच तर ते खोक्यांना दोऱ्या बांधत असत.

निघायच्या दिवशी सलिल गाडी घेऊन आला. सरांनी सामान स्वयंपाकघराच्या दारानं काढायला लावलं. टेंपो तिकडे उभा करणं सोयीचं आहे, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे त्यांना ओसरीवरून जायचं नव्हतं. ब्रदरांचा हात खिशात जाताना त्यांना पाहायचा नव्हता. संतोष धावत मागच्या दारी आले, वाकून पाया पडले, आणि सर म्हणाले, “सांभाळ हो,” आणि सलिलला म्हणाले, “चल, उशीर होतोय.”

सातव्या मजल्यावरून सगळं कर्वेनगर दिसत असे आणि ऐकू मात्र काही येत नसे. सकाळी मधल्या सुट्टीच्या वेळेला सर बाल्कनीत येऊन उभे राहत. सातशे मुलं एकदम सुटल्यावर जो आवाज होतो, तो कानाला तेहतीस वर्षं होता. आता समोरच्या इमारतीतला एक कुत्रा भुंके आणि गप्प बसे. रात्री आठला ते जेवत आणि लगेच आपलं ताट घासत. कामाच्या बाईंना हे आवडलं नव्हतं. “काका, मग मी कशाला येऊ?” असं त्या विचारत. सरांना त्या ओसरीची, त्या निळ्या फुलांच्या मेणकापडाची, बुधवारच्या वांग्याची इतकी आठवण येई, की त्यांना स्वतःचाच राग येई. जोशी-आपट्यांच्या वस्तीत वाढलेल्या माणसानं साठीच्या उंबरठ्यावर पाद्र्यांच्या घरासाठी झुरावं म्हणजे काय! पण झुरत होते, हे खरं.

जुलैच्या शेवटी फोन वाजला. ब्रदर रतन होते.

“सर, तुमची पट्टी आत राहिलीय.”

“म्हणजे?”

“जाताना तुम्ही ती बाहेर केली नाहीत. सवड झाली की येऊन सरकवून जा.”

“ब्रदर, एका पट्टीसाठी मी कर्वेनगरहून खडकीला येऊ?”

“नियम आहे, सर,” ब्रदर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पानसे सर संतापले. दोन महिने झाले, पट्टी काढायलासुद्धा यांना सवड झाली नाही! आनंदांची तर धूळ बसायच्या आत काढली होती. म्हणजे आपण त्यांच्यातले नव्हतोच. पाहुण्याचं नाव भिंतीवर राहिलं काय नि गेलं काय. त्यांनी खणातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. आपली पट्टी आपण काढून आणायची, उपकार नकोत. रिक्षा आणि मेट्रो करून ते पोचले तेव्हा जेवणाची घंटा होत होती.

पट्टी खरंच उजवीकडे होती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढला, तेवढ्यात आतून गोदाबाईंचा आवाज आला.

“आलं का कुणी? या बाबा, वाढलंय.”

न जाणं बरं दिसलं नसतं. स्क्रू-ड्रायव्हर परत खिशात टाकून सर आत गेले. टेबलाशी संतोष आणि ब्रदर उभे होते, आणि आनंदांच्या जागी एक अनोळखी तरुण फादर. चार ताटं होती. चौथं, खिडकीकडचं, सरांच्या जागेवर होतं. वाटीत वांग्याची भाजी होती. बुधवार आहे हे सरांच्या तेव्हा लक्षात आलं.

“मी येणार हे ब्रदरांनी सांगितलं वाटतं.”

“कुणी सांगायचं?” गोदाबाई म्हणाल्या. “रोज लावती आन् रोज उचलती. पट्टी आत हाय, तर ताट नको लावू? दर बुधवारी वांगं करती. उरलं तर मी घरी नेती, माझ्या नातवाला आता वांगं बघवंना.”

तो तरुण फादर पुढे आला. “म्हणजे पानसे सर तुम्ही! मी सौरभ. जूनपासून मी रोज तुमच्या ताटाशेजारी बसतोय.”

सर आपल्या ताटाशी जाऊन उभे राहिले. संतोषांनी प्रार्थना म्हटली, सगळे बसले, जेवण झालं. वांग्यात मीठ जरा जास्त होतं. सरांनी ते सांगितलं नाही, आणि पुण्याच्या माणसाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नव्हे.

मोरीशी संतोष आणि ते शेजारी शेजारी ताटं घासायला उभे राहिले. फादर म्हणायचं सर विसरले.

“संतोष, तू तेव्हा राहा का म्हणाला नाहीस?”

“सर, तुम्ही विचारलं नाहीत. निघण्याचा दिवस सांगितलात.”

“आणि जाणाऱ्याला तुम्ही धरत नाही.”

“नाही.”

“मग पट्टी का नाही काढवलीस?”

संतोषांनी ताट विसळलं, पालथं घातलं, मग पुन्हा उचलून पुसलं. नववीत उत्तर येत नसलं की तो पेनाचं टोपण असंच काढघाल करायचा.

“तेवढं मात्र ब्रदरांना सांगवलं नाही,” ते म्हणाले.

सर ओसरीवर आले. ब्रदर फळीपाशी उभे होते. सरांच्या खिशातून डोकावणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीकडे त्यांनी पाहिलं.

“ते आणायची गरज नव्हती. माझ्याकडे आहे.”

“मला ठाऊक आहे.”

सरांनी पट्टीवर अंगठा ठेवला आणि डावीकडे रेटली. ती हलेना. दोन महिने जागची न हलल्यामुळे आणि पावसाळी हवेनं लाकूड फुगलं होतं. त्यांनी दोन्ही अंगठे लावले, जोर केला, तेव्हा ती कुरकुरत सरकली आणि ‘बाहेर’पाशी जाऊन थांबली. नाव जागेवरच राहिलं, फळीत, सौरभच्या नावाखाली.

“तेल घालून ठेवतो,” ब्रदर म्हणाले. “उद्या येताना सरकवायला विसरू नका. नाहीतर ताट लागायचं नाही.”

“उद्या येतो म्हणून कुणी सांगितलं?”

ब्रदरांनी घसा साफ केला.

सर पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. तिथून मागे वळून त्यांनी विचारलं, “तेल खोबरेल नका घालू हो, थंडीत गोठतं. मशीनचं आहे का? नसेल तर मी घेऊन येतो.”