माझे तीन पाय आणि तिचं एकच मिनिट

मी एक जुना ट्रायपॉड आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मिटून कोपऱ्यात उभा केला की लोक मला छत्री समजतात. एकदा तर एक आजोबा मला काखोटीला मारून थेट दारापर्यंत गेले होते. बाहेर लख्ख ऊन दिसलं म्हणून परत आणून ठेवलं, नाहीतर माझी गोष्ट तिथेच संपली असती.

माझा जन्म कारखान्यातला. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, प्रत्येक पायाला दोन खटके, तळाला रबरी बूट आणि वर कॅमेरा बसवायचं डोकं. तपासणाऱ्या बाईंनी मला दोनदा हलवून बघितलं, "हा डगमगत नाही" म्हणाल्या आणि खोक्यात घातलं.

तिथून मी मामांकडे आलो. मामा एका छोट्या स्टुडिओचे फोटोग्राफर. खरे मामा ते एकाच मुलीचे, बहिणीच्या लेकीचे. पण ती लहानपणी दिवसभर स्टुडिओत 'मामा, मामा' करत बसायची, म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणू लागली. माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, तंगडेराव.

मामांबरोबर मी बागा पाहिल्या, शाळेची मैदानं पाहिली, ग्रंथालयाच्या पायऱ्या पाहिल्या. कुठेही गेलं तरी मामा मला लगेच उघडत नसत. आधी तिथला रखवालदार शोधायचे आणि विचारायचे, "साहेब, इथे तीन पायांचं चालतं का?" बागेतला रखवालदार शिट्टी तोंडात धरूनच हसायचा आणि हिरवळीबाहेरची जागा दाखवायचा. कोणी नाही म्हणालं तर मामा हुज्जत घालत नसत, कॅमेरा हातात धरून काम भागवायचे. मला उभं करताना माझा एक पाय पुढे, दोन मागे आणि त्या दोघांच्या मधे ते स्वतः. "कोणी अडखळायचंच असेल तर मीच अडखळेन," म्हणायचे. वाऱ्याने मी कलंडू नये म्हणून पिशवी माझ्या पोटाखालच्या आकड्याला लटकवायचे. पाणी प्यायला दहा पावलं जायचं असलं तरी मला सोबत न्यायचे.

आणि समोरून कोणी आलं, की माझे तिन्ही पाय आवळून बाजूला व्हायचे. "तंगडेराव, काढता पाय घ्या!"

एकदा शाळेच्या फाटकासमोर तीस मुलांचा वर्ग उभा होता. मामांचं बोट बटणावर होतं, तेवढ्यात काठी टेकत एक आजी आल्या. मामांनी मला उचललंच. वर्गाच्या बाई वैतागल्या. "अहो मामा, आत्ता कुठे गप्प झाली होती कार्टी!"

"होतील पुन्हा गप्प."

"तुम्ही करून दाखवा मग!"

आजी मात्र आपलाच फोटो निघतोय असं समजून मधोमध थांबल्या आणि केस सारखे करू लागल्या. मामांनी त्यांचाही फोटो काढला.

पुढे मामांचे गुडघे कुरकुरू लागले. "माझे दोन धड चालेनात, तर पाच कुठे सांभाळू?" असं म्हणत त्यांनी मला भाचीकडे दिलं. ती दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी करत होती आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढायची. सुरुवातीला तिने मला जपलं. मग कामं वाढली, आणि मी इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन पडलो. काढायचं झालं की घाईत ओढून काढायची.

त्या संध्याकाळी ती मला पुलावर घेऊन गेली. तिला प्रदर्शनासाठी एक फोटो हवा होता. आकाश अजून निळं असताना पुलावरचे दिवे लागतात, त्या चार-पाच मिनिटांतला. फोटो पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फुटपाथ अरुंद होता. भाचीने माझा एक पाय कठड्याला टेकवला आणि दोन सरळ फुटपाथवर पसरले. मामा सोबत असते तर त्यांनी तिथे मला उघडलंच नसतं.

मागून बाबागाडी आली. एक तरुण आई आणि आत रडणारं बाळ.

"जरा वाट देता का?"

"एकच मिनिट हं," भाची म्हणाली. डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला.

आई थांबली. बाळाने रडून आकाशपाताळ एक केलं. "ताई, भूक लागलीय हो त्याला."

"झालंच, झालंच."

 आईने मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि बाबागाडी तिरकी करून रस्त्यावर उतरवली. मित्रांनो, मला सगळं दिसत होतं. पण माझे पाय मला स्वतःला मिटता येत नाहीत.

पुढचं चाक रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत अडकलं. आईने ओढलं, ते निघेना. समोरून ट्रकचा भोंगा वाजला.

नेमके तेव्हाच दिवे लागले. भाचीने मान वळवली आणि सगळं सोडून उडी मारली. तिच्या पायाची ठोकर लागून मी आडवा झालो, कॅमेरा दगडावर आपटला. दोघींनी मिळून बाबागाडी उचलून फुटपाथवर घेतली. ट्रक भोंगा दाबतच गेला.

आईने बाळाला उचलून घेतलं. हात बघितले, पाय बघितले, डोकं चाचपलं, परत हात बघितले. मग भाचीला विचारलं, "संपलं का हो तुमचं एक मिनिट?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चुकलं माझं. फार चुकलं." मग हळूच म्हणाली, "पुलाच्या टोकापर्यंत येऊ सोबत?"

"या. पण रस्त्याच्या बाजूने तुम्ही चाला."

भाची मला काखेत धरून रस्त्याच्या बाजूने चालली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मामांकडे गेली. माझा एक पाय वाकला होता, कॅमेऱ्याची काच तडकली होती, फोटो निघालाच नव्हता. सगळं ऐकून मामांनी एवढंच विचारलं, "बाळ कसं होतं जाताना?"

"रडत होतं."

"मोठ्याने?"

"खूप मोठ्याने."

"मग बरं आहे." त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. खटका उघडल्यावर वर्तमानपत्रावर वाळू सांडली. "ही कुठली गं?"

"मागे नदीकाठी गेले होते ना. राहिलंच पुसायचं. मामा, खरं सांगू? मिटायला जड जात होता, म्हणून मी..."  मामांनी तिच्या हातात फडकं दिलं. दोघांनी मिळून माझा एकेक सांधा पुसला.

माझा वाकलेला पाय आता पूर्ण उघडत नाही. त्याच्या मापाने बाकीचे दोनही भाची आखूडच ठेवते. मी बुटका झालोय आणि जागाही कमी घेतो. परवा ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक बाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मैत्रिणीशी बोलत उतरत होत्या. त्यांनी काही म्हणायच्या आत भाचीने मला मिटलं होतं. बाई बोलण्याच्या नादात निघून गेल्या. कोणी वाट दिली, हे त्यांना कळलंही नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल, तर बाहेर नेण्याआधी त्याचे सांधे पुसा, खटके उघडझाप करून बघा. आत वाळू असली की पाय मिटायला वेळ लागतो, आणि समोरून येणाऱ्याला दर वेळी तेवढा वेळ नसतो.