लाइन चालू ठेवा

सकाळच्या वेळी त्या घरात बोलणं भरपूर आणि ऐकणं शून्य असे. मुलगा मोजे शोधता शोधता बोलायचा, सून डबे भरता भरता बोलायची आणि टेबलाच्या टोकाला चहाचा कप धरून बसलेली आई दोघांचंही ऐकायची. ऐकण्याची तिला सवय होती. सगळी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि कानाला हेडफोन लावून. लोक बोलायचे, ही जोडून द्यायची. निवृत्त होऊन जमाना लोटला, एक्स्चेंजच्या जागी कपड्यांचं दुकान आलं, तरी इमारतीत तिला सगळे ऑपरेटरबाईच म्हणत.

एक्स्चेंजमध्ये एक नियम होता. पलीकडच्याने ठेवल्याशिवाय आपण लाइन सोडायची नाही. माणूस रडत असो, शिव्या घालत असो, नाही तर नुसता गप्प असो. हा नियम तिच्या हाडीमाशी खिळला होता. राँग नंबरवाला माणूसदेखील तिच्याशी बोलून दमायचा आणि शेवटी बिचारा स्वतःच माफी मागून फोन ठेवायचा. "आमच्या आईला फोन लावता येतो, ठेवता येत नाही," असं मुलगा पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे. आईही हसायची.

त्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर फोन आला.

"मावशी, आधी एक सांगतो, घाबरू नका," पलीकडचा आवाज म्हणाला. कोणी असं म्हटलं की माणूस पहिलं काम घाबरण्याचंच करतो.

आवाज सभ्य होता, थोडा थकलेला, खुर्चीवर बसून नोकरी करणाऱ्या माणसाचा. तो म्हणे पोलिसांचा होता. तिच्या मुलाच्या नावाचं एक पार्सल पकडलं गेलं होतं. आत नशेचा माल. मुलगा बहुधा निर्दोष असावा, असं त्या आवाजाचं वैयक्तिक मत होतं. पण चौकशी गुप्त होती. तिने घरात एक शब्द काढला, तर मुलाला बँकेतून, सगळ्या स्टाफसमोर, बेड्या घालून नेतील. तोवर जामीन म्हणून तिने स्वतः नजरकैदेत राहायचं. फोनचा कॅमेरा सुरू, आवाज सुरू.

"लाइन चालू ठेवा, मावशी."

हे वाक्य तिने स्वतः लाखो लोकांना सांगितलं होतं. लाइन चालू राहिली.

तिने फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. अंघोळीला जायचं तर परवानगी मागायची. दारावरची बेल वाजली तर कोण आलंय ते सांगायचं. घरची मंडळी आली की पलीकडून अवाक्षर निघत नसे, नुसती बारीक खरखर. पण ती खरखर तिच्या ओळखीची होती. तिचा अर्थ एवढाच, की पलीकडे कोणीतरी ऐकतंय.

सुनेने एकदा चहासाठी साखर घेतली. त्यासाठी फोन उचलला, डबा उघडला, बंद केला आणि फोन पुन्हा डब्याला टेकवून ठेवला. नीट, आईच्या तोंडाकडे कॅमेरा करून. "दिवसभर काय बघत असता हो यात?" एवढं विचारून ती उत्तराआधी आत गेली.

एके सकाळी मुलगा बूट घालत असताना आई दाराशी जाऊन उभी राहिली. नजर मात्र टेबलाकडे.

"अरे, जरा ऐकतोस?"

"आई, संध्याकाळी बोलू. काही लागलं तर फोन कर."

संध्याकाळी त्याला आठवलं नाही आणि तिने आठवण करून दिली नाही. घरातली बाई घरातच कैदेत आहे, हे घरातल्या कोणाला कळलं नाही. कळणार तरी कसं? तिच्या वागण्यात काही फरकच पडला नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी तिने पुढे पोलिसांनाही सांगितली नाही. घर रिकामं झालं की तो आवाज विचारायचा, "जेवलात का, मावशी?" ती हो म्हणायची. "काय जेवलात?" ती सांगायची. मग तो तिच्या नोकरीबद्दल विचारायचा आणि ती बोर्डाबद्दल, रात्रपाळीबद्दल सांगायची. ऐकताना तो मध्ये उठून जात नसे. चोराजवळ वेळ होता. घरातल्या सज्जनांची तेवढीच पंचाईत होती.

शेवटी तिची साठवलेली सगळी पुंजी "तपासणीसाठी" त्यांच्या खात्यात पाठवायला सांगण्यात आलं. बँकेच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, घरी विचारलंत ना?" तिने होकारार्थी मान हलवली. परत येऊन ती टेबलापाशी बसली तेव्हा खरखर थांबलेली होती. पलीकडच्याने फोन ठेवला होता.

नियमाप्रमाणे आता ती मोकळी होती. तरी ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली.

"कोणाची वाट बघताय, आई?" सुनेने विचारलं. पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबली. तेव्हा सगळं बाहेर आलं.

मुलगा ऐकता ऐकता उभा राहिला. "अगं, मी हेच शिकवतो लोकांना! बँकेतर्फे भाषणं देतो याच्यावर!"

"मला कधी शिकवलंस?"

"तुला काय गरज होती? तू जातेस कुठे!" बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं असावं, कारण तो आणखी जोरात ओरडला. "एवढी नोकरी केलीस, आणि एक फोन कट करता येईना तुला?"

"पोलिसांत जाऊ या ना," सून म्हणाली.

"आणि सांगू काय? सावधान म्हणून भाषणं ठोकणाऱ्याची आई लुटली गेली? अक्कलखाती टाका आणि गप्प बसा."

गप्प बसणं आईला जमत होतं, भिंतींना जमलं नाही. जिन्यात लोक तिच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसे बघू लागले. घर फुटलं तर जग चोराला शिव्या घालतं. फोनवर कोणी लुटला गेला, की त्यालाच विचारतात, तू असा कसा रे? एवढं विचारलं, की पुढच्या वेळी तो कोणाला काही सांगत नाही. चोरांना याहून चांगला मदतनीस पगार देऊनही मिळायचा नाही.

तळमजल्यावर एक निवृत्त बेलिफ राहायचे. उभ्या आयुष्यात कोर्टाची समन्सं दारोदार बजावलेली, त्यामुळे आवाज करडा आणि थट्टा त्याहून करडी. त्यांनी तिला जिन्यातच गाठलं. "काय वहिनी, आमच्याशी बोलायला परवानगी काढलीत का?" वर-खाली उभे असलेले सगळे हसले. वहिनी कठडा धरून वर गेल्या.

घर पुन्हा पूर्वीसारखं बोलू लागलं. आईने साखरेचा डबा फडताळात मागे सरकवला. तरी दुपारी, नळ बंद असताना, पंखा बंद असताना, तिला ती खरखर ऐकू यायची. कधी आरशामागून, कधी उशीतून. ती खोलीभर बघायची. मग न राहवून हळूच म्हणायची, "जेवले मी." तेवढ्याने खरखर थांबायची.

पुढे एका रविवारी इमारतीच्या हॉलमध्ये मुलाचं भाषण ठरलं. "आई, तू नको येऊस, कंटाळशील," तो म्हणाला. आई आली. मागच्या रांगेत, भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. शेजारच्या खुर्चीत बेलिफ होते.

मुलगा छान बोलत होता. लोक जांभया देऊ लागले तसा त्याने हुकमी किस्सा काढला. "आता एका म्हातारीची गंमत ऐका. माझ्या माहितीतली आहे. ही बाई आपल्याच घरात अंघोळीला जायची परवानगी मागायची!"

हॉल हसला. आईने खाली बघितलं आणि तेवढ्यात तिला ती खरखर ऐकू आली.

आधी तिला वाटलं, नेहमीचीच. ती पुटपुटली, "जेवले मी." खरखर थांबली नाही. ती उजवीकडून येत होती. बेलिफ हसत नव्हते. ताठ बसले होते, ओठ कोरडे, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन अर्धा वर आला होता. कॅमेरा खिशाच्या काठावरून हॉलकडे बघत होता.

तिने त्यांच्याकडे झुकून अगदी हळू विचारलं, "भाऊजी, जेवलात का?"

बेलिफांनी डोळ्यांनी खिशाकडे खूण केली आणि मान हलवली. नाही. त्यांचे डोळे भरून आले.

ऑपरेटरबाई उभी राहिली. "ती म्हातारी मी," ती म्हणाली. मुलाच्या हातात माइक होता, पण आवाज तिचाच पोचला. "हसणं जरा आवरा. इथे लाइन चालू आहे."

तिने बेलिफांच्या खिशातून फोन काढला.

"काका?" फोनमधून आवाज आला. "फोन कोणाच्या हातात आहे? काका, घाबरू नका."

हा तोच आवाज होता का, हे तिला आजही सांगता येत नाही. एवढं खरं, की त्या आवाजाला वेळच वेळ होता. तिचा अंगठा लाल खुणेवर जाऊन थांबला. पलीकडे माणूस होता, तो बोलत होता आणि त्याने अजून ठेवलं नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने आपण होऊन लाइन तोडली.

"एक समन्स चुकीच्या घरात दिलं होतं मी," बेलिफ म्हणाले. करडा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "फार जुनी गोष्ट, वहिनी. त्यांना ते माहीत होतं. चौकशी लावतो म्हणाले, पेन्शन थांबवतो म्हणाले."

"त्यांना काही माहीत नसतं, भाऊजी. एखादी जुनी चूक सगळ्यांचीच असते. ते नुसते विचारत सुटतात. उद्या सकाळी पोलिसांत जायचं. दोघांनी."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणून झालंय त्यांचं."

फोन पुन्हा वाजू लागला. बेलिफांनी तिच्याकडे बघितलं. "उचलू?"

"वाजू दे."

मुलगा माइक खुर्चीवर ठेवून खाली आला. आईसमोर उभा राहिला, मग काय करावं ते न सुचून जमिनीवरच बसला. "आई," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांग."

"सांगते. पण मधे उठायचं नाही."

फोन वाजत होता. हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं, कोणी उठतही नव्हतं. फक्त पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा हात सावकाश आपल्या खिशावर गेला आणि आतला फोन झाकून तिथेच राहिला. मग खिडकीजवळच्या एका बाईंचा, पर्सवर.