दुकानाचाच नंबर

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची शिसारी आली आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर घरपोच देणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, बेसिनखाली मी पडलो आहे. पाठीवर चहाच्या कपांची चिकट वर्तुळे आहेत, पंख्यात झुरळांनी संसार थाटला आहे. त्याची मला तेवढी किळस वाटत नाही. झुरळे निदान खोटे तरी लिहीत नाहीत.

माझी सुरुवात छान झाली होती. मालकांची भाची संगणक शिकलेली. तिने माझ्यात डेटाबेस बसवला, त्यावर पत्त्यांची वही चढवली आणि प्रत्येक टेबलावरच्या ब्राउझरमध्ये ती उघडून दाखवली. नाव, घर, जवळची खूण, फोन. फोनचा रकाना रिकामा राहिला तर नोंद होणारच नाही, अशी अट तिने घातली. "मामा, आता एकही पेशंट हरवायचा नाही," ती म्हणाली. मालकांनी माझ्यावर कौतुकाने हात फिरवला. मीही भाबडा, फुशारून गेलो.

भाची नोकरीसाठी परगावी गेली आणि दुकानातल्या कारकुनाने त्या अटीवर तोडगा काढला. गिऱ्हाइकाला फोन नंबर विचारायचा कंटाळा आला की तो दुकानाचाच नंबर ठोकून द्यायचा. रकाना भरला की मला "नोंद झाली" म्हणणे भाग होते. त्याचे पाहून बाकीचेही तेच करू लागले. शी! रोज उष्टे पाणी प्यायल्यासारखे वाटायचे मला.

एका संध्याकाळी एका म्हाताऱ्या सुताराकडे सिलिंडर निघाला. त्यांच्या घरातला संपत आला होता. सारख्या दिसणाऱ्या इमारतींमध्ये ड्रायव्हरला घर सापडेना. त्याने चिठ्ठीवर उतरवून नेलेला माझ्यातला नंबर फिरवला, आणि कारकुनाच्याच टेबलावर फोन वाजला.

"हॅलो, सुतारकाकांचं घर का?"

"अरे, दुकान आहे हे! अजून पोचला नाहीस?"

"कसा पोचणार? आपलाच नंबर लिहून ठेवलाय की तुम्ही! आता विचारू कोणाला?"

कारकून हसला. खरेच हसला, मित्रांनो! ड्रायव्हर दारोदार विचारत कसाबसा पोचला, तेव्हा काकांचे ओठ निळे पडले होते. जीव वाचला एवढेच.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक आली. "दादा, माझा नंबर माझ्यासमोर लिहा. दिसल्याशिवाय मी इथून हलणार नाही." कारकुनाने तो लिहिला. किती दिवसांनी माझ्या पोटात काही खरे गेले!

पण मालकांनी खापर माझ्यावरच फोडले. "हे डबडं बदला," म्हणाले. नवा सर्व्हर आला. भाचीने फोनवर बजावले, "वहीची ताजी प्रत काढून मगच त्यात टाका." कारकून "हो, हो" म्हणाला आणि खणात पडलेली, लेक येण्याआधीची जुनी प्रत नव्यात ओतून मोकळा झाला. मग त्याने माझी वायर उपटली. आळसाला काही सीमा?

आता नव्या वहीत सुतारकाकांच्या नावापुढे पुन्हा दुकानाचाच नंबर आहे. लेक बिचारी निर्धास्त आहे. तिचा खरा नंबर फक्त माझ्यात आहे, आणि मला बोलता येत नाही. मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, मला कौतुकही नको. कोणीतरी माझी वायर एकदाच लावा आणि तेवढा नंबर उतरवून घ्या. काकांचा पुढचा सिलिंडर आताच एका नव्या ड्रायव्हरच्या गाडीत चढला आहे.