नाद जागवणारी चकती

ऐकण्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक स्पीकरच्या रिकाम्या खोक्यांवर बसले, खोकी संपल्यावर जमिनीवर. उरलेले दारात एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत उभे राहिले. समोरच्या टेबलावर लाकडी झाकणाचा एक ॲम्प्लिफायर होता आणि त्याच्यामागे नादमुनी उभे होते. पांढराशुभ्र लांब कोट आणि अनवाणी पाय. जमिनीतून येणारा खर्ज तळपायांनी प्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तांब्याची तार म्हणजे पोरकं लेकरू," ते हळू आवाजात सांगत होते. "तिच्यातून वीज धावते, पण तिला कुणी कधी मायेने हाक मारलेली नसते. ही चकती तिला हाक मारते. मग वीज धावत नाही. वीज गाते."

पुढच्या रांगेतल्या एका वितरकाने अशी मान डोलावली, जणू घरच्या वीजबिलाचं कोडं त्याला आत्ताच उलगडलं होतं.

मुनींनी चिमटीतली काळी चकती झाकणावर रंगवलेल्या सोनेरी वर्तुळात अलगद ठेवली, आणि फरक सगळ्यांनाच कळला. जुन्या ध्वनिमुद्रणातली गाणारी बाई चार पावलं पुढे आल्यासारखी वाटली. तिने घेतलेला श्वास ऐकू आला. मागची झांज, जी आहे की नाही अशी इतका वेळ शंका येत होती, ती लख्ख किणकिणली. खोलीभर एक सुस्कारा फिरला.

अप्पा नेहमीच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मिटल्या पापण्यांमधून पाणी आलं. "जागा झाला," ते म्हणाले. "आवाज जागा झाला."

भिंतीला टेकून उभी असलेली त्यांची थोरली लेक झाकणावरच्या त्या वर्तुळाकडे बघत राहिली.

हा कारखाना अप्पांचा. घरी गाणं ऐकायचे स्पीकर बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता. तयार झालेली प्रत्येक जोडी या खोलीत यायची. अप्पा खुर्चीत बसून डोळे मिटायचे आणि ऐकायचे. पटलं तर म्हणायचे, "जाऊ दे." मग जोडी खोक्यात जायची. नाही पटलं, तर आतल्या सर्किटमध्ये फेरफार आणि पुन्हा खुर्ची. गिऱ्हाईक स्पीकर घ्यायचं ते या दोन शब्दांच्या भरवशावर.

पण गेल्या वर्षापासून जोड्या परत येऊ लागल्या होत्या. आवाज टोचतो, अर्ध्या तासात डोकं धरतं, अशा तक्रारी. थोरली भौतिकशास्त्र शिकून कारखान्यात आलेली. तिने परत आलेल्या जोड्या मायक्रोफोनसमोर ठेवून मोजल्या, तर प्रत्येकीत वरच्या स्वरांपाशी उंचवटा आणि नव्या जोडीत तो आधीच्या जोडीपेक्षा मोठा. स्पीकर बिघडलेच नव्हते. अप्पांना वरचे स्वर ऐकू येईनासे झाले होते, आणि ऐकू येईपर्यंत ते वाढवत होते. मोतीबिंदू झालेला रंगारी भिंत भडक रंगवत जातो आणि त्याला ती फिकीच दिसत राहते, तसं चाललं होतं.

हे तिला त्यांना सांगवलं नाही. एकदा कान दाखवून घेऊ, एवढंच ती म्हणाली. अप्पा कसेबसे तयार झाले, आणि नेमकं तेव्हाच विक्री बघणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने नादमुनींना आणलं. पहिल्याच प्रयोगात चकतीमुळे अप्पांना झांज पुन्हा ऐकू आली. त्याच दुपारी त्यांनी स्वतः फोन करून कानाच्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. आता येत्या रविवारी ते सगळ्या वितरकांसमोर जाहीर करणार होते: यापुढे प्रत्येक जोडीबरोबर एक चकती, आणि खोक्यावर छापलेले शब्द, 'अप्पांच्या कानांची हमी'.

बापाचं नाव एका भोंदूच्या मालावर चढणार, आणि बापाचे कान कुणी न तपासताच विझत जाणार.

आजचा प्रयोग संपल्यावर मुनी कारखान्यात चहा घ्यायला थांबले. चकतीची मखमली डबी त्यांनी कामाच्या टेबलावर ठेवली. तिथे बारीक स्क्रू कायमचे सांडलेले असतात. निघताना त्यांनी डबी उचलली, तेव्हा तिच्या तळाशी दोन स्क्रू लोंबकळत होते. मुनींनी बोलणं न थांबवता, खाली न बघता, ते नखाने उडवून लावले. रोजची सवय असावी तसे.

थोरलीचा कप हातातच राहिला. स्पीकरच्या कारखान्यात चुंबक ओळखायला पदवी लागत नाही. प्रत्येक स्पीकरच्या पाठीत एक असतंच, आणि फाटक्या स्पीकरमधून काढलेल्यांनी कोपऱ्यातला डबा भरलेला असतो. चकतीत चुंबक होतं. पण नुसत्या चुंबकाने झांज किणकिणत नाही. चकती आमच्या ॲम्प्लिफायरवर ठेवून बघू का, असं तिने मागे विचारलं होतं, तर मुनी म्हणाले होते, तुमच्या यंत्राला अजून दीक्षा नाही. मायक्रोफोन लावू का, तर म्हणाले, नाद मोजला की मरतो. म्हणजे जे काही होतं, ते मुनींच्याच यंत्रात, त्या सोनेरी वर्तुळाखाली होतं.

ती धाकट्याकडे गेली. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"झाकणाखाली चुंबकाने मिटणारी कळ आहे," ती म्हणाली. "चकती ठेवली की वरचे स्वर वाढतात. जादू वगैरे काही नाही."

धाकट्याचा हात थांबला नाही. "असेल."

"असेल म्हणजे?"

"ताई, परत आलेल्या जोड्यांचे फोन मी घेतो. अप्पांना ऐकू येत नाही हे काय तुला एकटीलाच कळलं? पण परवा ते त्या खुर्चीतून हसत उठले. शेवटचे कधी उठले होते, आठवतं? तू सगळ्यांसमोर त्यांना खाली बसवशील, आणि मग उठवायचं कुणी?"

तिने शेजारच्या बंद खोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "लोक ती चकती घरी नेतील. घरी काहीच होणार नाही. पण अप्पांची हमी आहे, म्हणून ते आपल्याच कानांना दोष देतील. खोट्या भरवशाने आज अप्पांचं जे झालंय, ते आपण विकत देणार का?"

धाकट्याने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पुढचं खोकं ओढलं.

रविवारी खोली पुन्हा भरली. मुनींनी पोरक्या तारेची कहाणी सुरू केली, तेवढ्यात थोरली पुढे आली. "अप्पा, पडदा लावायचा का?"

पडदा हाही कारखान्याचा रिवाज. दोन स्पीकरांची तुलना करायची असली की मध्ये काळा पडदा टाकायचा, म्हणजे कुठला वाजतोय ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. महाग खोकं नुसतं दिसलं तरी माणसाला गोड ऐकू येतं, हे थोरलीला अप्पांनीच शिकवलं होतं.

मुनी हसले. "पडदा म्हणजे संशय, ताई. संशयाच्या खोलीत नाद उंबऱ्याशीच थांबतो."

"मुनी, मी माझ्या स्वतःच्या मालालाही पडदा लावतो," अप्पा सौम्यपणे म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. लाव गं."

चकती हातातून सोडणार नाही, असं मुनींनी बजावलं. थोरलीने ते मान्य केलं. दोघं पडद्यामागे, ॲम्प्लिफायरपाशी गेले. आधी तिने मुनींना नुसतं उभं राहायला सांगितलं. गाणं सुरू झालं.

"झोपलाय," पलीकडून अप्पांचा आवाज आला.

थोरलीने एप्रनच्या खिशातून एक चुंबक काढलं. डब्यातलंच, गंज चढलेलं, एका बाजूला फाटक्या स्पीकरचा कागद चिकटलेला. मुनींचा हात झेपावला. तिने तो मनगटाला धरला. मुनींनी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण ओरडून सांगणार तरी काय होते? तिने चुंबक सोनेरी वर्तुळात ठेवलं. बाईचा आवाज पुढे आला, झांज किणकिणली.

"जागा झाला," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की एक क्षण तिला वाटलं, पडद्याची दोरी ओढूच नये. चुंबक खिशात टाकावं, मुनींना टाळ्या मिळू द्याव्यात, आणि रात्री अप्पांनी हसत जेवायला बसावं.

तिने दोरी ओढली.

लोकांना दिसलं ते असं: चकती मुनींच्या मुठीत, आणि वर्तुळात एक भंगारातलं चुंबक. आधी कुणाला काही उमजलं नाही. मग कुजबुज उठली. मुनी सावरले. "माझ्या सान्निध्याने जडसुद्धा पावन होतं. हे लोखंड—"

"मग मुनी, जरा रस्त्यावर जाऊन उभे राहता का?" वीजबिलवाला वितरक म्हणाला. "सान्निध्य कुठवर पोचतं ते बघू."

हशा पिकला. थोरलीने तोवर स्क्रूड्रायव्हर घेतला होता. तिने तारा काढल्या, झाकण उचलून उलटं धरलं. वर्तुळाच्या बरोबर खाली, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब अशी काचेची नळी चिकटवलेली होती. आत दोन पातळ पट्ट्या. तिने चुंबक जवळ नेलं, पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. दूर केलं, सुटल्या. पुढे बसलेल्यांना 'टिक' असा आवाजही ऐकू आला.

"ही नुसती कळ आहे," ती म्हणाली. "मिटली की आवाज किंचित वाढतो, आणि वरचे स्वर बरेच वाढतात. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला आवाज वाटतो. मलाही वाटला. तुमचे कान खोटं बोललेले नाहीत. फरक खराच होता, सांगितलेलं कारण खोटं होतं. म्हणून कुणी 'मोजू नका, झाकू नका, दुसऱ्या यंत्रावर लावू नका' म्हणालं, की तिथेच थांबायचं आणि नेमकं तेच करून बघायचं."

मुनींनी यंत्र उघडंच काखेत मारलं. वायर त्यांच्यामागे सरपटत गेली. खोलीबाहेर कारखान्याच्या फरशीवर पत्र्याचे कण पडलेले असतात. तिथे मात्र त्यांनी चपला घातल्या.

लोक हसत होते. अप्पा हसत नव्हते. त्यांनी हात वर केला, तशी खोली शांत झाली.

"यात एक राहिलं," ते म्हणाले. "वरचे स्वर बरेच वाढतात म्हणालीस. मग ते कानाला टोचायला हवे होते. मला ते अगदी बरोबर वाटले. का?"

"अप्पा, घरी बोलू."

"पडदा काढलास ना? मग अर्धा नको."

धाकटा दारात उभा होता. त्याने मान फिरवली. थोरली खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली, आणि परत आलेल्या जोड्यांत काय मोजलं ते तिने सांगितलं. हळू सांगितलं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. अप्पा खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिले.

मग ते उठले. उठताना त्यांना खुर्चीचा आधार लागला. "माझे वरचे स्वर गेलेत," ते लोकांना म्हणाले. "वर्षभरात मी 'जाऊ दे' म्हटलेली प्रत्येक जोडी परत आणा. मोजून, नीट करून देऊ. तोवर नवीन काही मागू नका. आमच्याकडे द्यायला काही नाही."

धाकटा दाराच्या चौकटीला टेकत खाली बसला. वितरक एकेक करून उठले. कुणी अप्पांचा हात हातात घेतला, कुणी नजर चुकवून बाहेर पडलं. यातले किती परत येतील, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

कानाच्या डॉक्टरांकडची ती काचेची खोली छोटीशी होती. अप्पा आत हेडफोन लावून बसले होते, हातात बटण. थोरली बाहेर, डॉक्टरांच्या शेजारी. तिथून तिला यंत्राचा काटा दिसत होता. खालच्या स्वरांना अप्पांनी पटापट बटण दाबलं. मग स्वर चढत गेले आणि दाबणं विरळ झालं. एका स्वरापाशी डॉक्टर आवाज वाढवत गेल्या, आणखी वाढवत गेल्या. काटा सरकत होता.

अप्पा काचेतून लेकीकडे बघत होते. आता काहीतरी वाजत असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळत होतं. अंदाजाने दाबलं असतं तरी चाललं असतं. कुणाला समजलं नसतं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. ऐकू आलं तर दाबायचं, नाही आलं तर नाही, एवढाच तिथला नियम होता. अप्पांचा अंगठा बटणावर तसाच थांबून राहिला.